नखाशेजारचं साल : रक्ताच्या स्पर्शातून एचआयव्ही होईल या भीतीचं एक प्रकरण

वर्गातली मुलं त्यांना बाई म्हणतात, म्हणून इथे मीही बाईच म्हणते. वय ३७, प्राथमिक शाळेत शिक्षिका, घरी पती आणि सहा वर्षांचा मुलगा. त्या माझ्याकडे उपचारासाठी आल्या होत्या. त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत खुर्चीत नीट टेकण्याआधीच त्यांनी पर्समधून एक प्लास्टिकची फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. आत एचआयव्ही तपासणीचे सात अहवाल होते, तारखेनुसार लावलेले. सातही निगेटिव्ह. "हे बघा आणि मला सांगा," त्या म्हणाल्या, "यात काही राहून गेलंय का?"

मी अहवाल पाहिले आणि काही राहिलेलं नाही, असं सांगितलं. त्यांचे खांदे सैल झाले, श्वास मोकळा झाला. ते पाहून मलाही बरं वाटलं. या प्रकरणात माझी जी चूक झाली तिची सुरुवात त्या पाच मिनिटांतच झाली होती. हे कळायला मला पाच आठवडे लागले.

काय घडलं होतं

आठ महिन्यांपूर्वी मधल्या सुट्टीत दुसरीतला एक मुलगा पळता पळता खांबावर आपटला आणि त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. बाई जवळच होत्या. त्यांनी त्याला खाली बसवलं, डोकं किंचित पुढे झुकवायला लावलं, स्वतःच्या रुमालाने नाकाचा मऊ भाग दाबून धरला. दहाएक मिनिटांत रक्त थांबलं. त्यांनी साबणाने हात धुतले, मुलाच्या घरी फोन केला आणि पुढचा तास घेतला. त्यांनी जे केलं ते अगदी बरोबर होतं. हातमोजे घातले असते तर जास्त योग्य झालं असतं, पण मूल रडत असताना हातमोजे शोधायला फार थोडी माणसं जातात.

संध्याकाळी घरी हात धुताना उजव्या अंगठ्याला चुरचुरलं. पाहिलं तर नखाशेजारचं साल निघालेलं, दोन-तीन मिलिमीटरची लाल रेघ. ती सकाळी होती की नव्हती? मधल्या सुट्टीत होती का? रुमालातून रक्त अंगठ्यापर्यंत झिरपलं होतं का? बाई नळ चालू ठेवून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्या मुलाला काही आजार असल्याची चर्चा शाळेत कधीच नव्हती आणि त्यांनाही तसं वाटायचं कारण नव्हतं. "पण नाही असंही कुणी मला सांगितलं नव्हतं," त्या मला म्हणाल्या. पुढचं सगळं या एका वाक्यातून वाढत गेलं.

नवव्या दिवशी त्यांनी पहिली तपासणी केली. प्रयोगशाळेत त्यांना सांगितलं गेलं की इतक्या लवकर केलेल्या तपासणीवरून काही ठरत नाही. सांगणाऱ्याचं बरोबरच होतं, पण बाईंनी घरी नेलं ते एवढंच, की निगेटिव्ह असूनही झालेलं असू शकतं. मग ३१व्या दिवशी, ४७व्या दिवशी, ९३व्या दिवशी आणि त्यानंतर आणखी तीनदा. चौथ्या पिढीची म्हणतात ती तपासणी विषाणूचं पी२४ हे प्रथिन आणि शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, दोन्ही एकदम शोधते. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत ती केली, तर संपर्कानंतर ४५ दिवसांनी तिचं उत्तर पक्कं धरतात. म्हणजे प्रश्न रक्ताचाच असता तर ४७व्या दिवशी तो मिटला होता.

तो मिटला नाही, उलट प्रत्येक तपासणीने त्याला एक नवी फांदी फुटली. चौथ्या वेळी रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञाच्या बोटाला पट्टी होती. ती कशाची? सुई नवी होती हे आपण डोळ्यांनी पाहिलं का? पाकीट फोडल्याचा आवाज आला, पण आपण त्या क्षणी दुसरीकडे बघत होतो. म्हणजे आता या दिवसापासून पुन्हा ४५ दिवस मोजायचे. भीती घालवायला केलेली तपासणीच भीतीची नवी तारीख ठरायची. अशा प्रकरणांत हे इतक्यांदा दिसतं की मी आता पहिल्याच भेटीत विचारते: "तपासणीच्या जागेचीच भीती वाटायला लागली आहे का?"

दिवस कसा जायचा

बाई मानेतल्या गाठी चाचपायच्या. इतक्या वेळा, इतक्या जोरात की तिथे दुखायला लागलं, आणि दुखतंय म्हणजे गाठी सुजल्या, असं वाटून पुन्हा चाचपायच्या. मोबाइलचा दिवा लावून आरशात जीभ बघायची, पांढरा थर आहे का म्हणून. रोज सकाळी वजन. घसा खवखवला की ताप मोजायचा. रस्त्यावर, बाकावर, दाराच्या मुठीवर लाल-तपकिरी डाग दिसला की थांबून निरखायचा, आणि मग आपण एवढ्या जवळ का गेलो म्हणून हात धुवायचे. हात दिवसाला चाळीस वेळा तरी धुतले जायचे. त्याने कातडी फाटायची आणि फाटलेली कातडी म्हणजे रक्त आत जायला नवी वाट. हे त्यांना कळत होतं, आणि त्यामुळेच त्या जास्त घाबरत होत्या.

घरात त्यांचा टॉवेल वेगळा झाला, नेलकटर वेगळं झालं. सुरी हातात घेणं त्यांनी सोडलं, कारण बोट कापलं आणि आपलं रक्त कुठे लागलं तर? मुलाचा गुडघा खरचटला की त्या दुसऱ्या खोलीत जायच्या आणि पतीला हाक मारायच्या. पतीशी शरीरसंबंध थांबला होता. मुलाला गालाला गाल लावून झोपायची सवय होती, ती त्यांनी मोडली.

शिवाय तो ठरलेला प्रश्न. "नाही ना रे मला काही झालं?" पतीने म्हणायचं, "नाही झालं." नुसतं हं म्हटलेलं चालायचं नाही, डोळ्यांत बघून, पूर्ण वाक्य. घाईत म्हटलं तर पुन्हा. पतींनी एक दिवस मोजलं होतं: ३६ वेळा. "मी कंटाळून ओरडलो की ती रडते आणि नंतर दुप्पट वेळा विचारते. म्हणून मी आता ओरडत नाही," ते म्हणाले. भला माणूस. आठ महिने रोज तीसचाळीस वेळा तो तिला धीर देत होता, आणि तिची अवस्था रोज थोडी खालावत होती.

निदान

एचआयव्हीची भीती घेऊन कुणी आलं की आधी एकट्याने भेटून, दार लावून, काही गोष्टी विचाराव्याच लागतात. असुरक्षित संबंध, कुणाची वापरलेली सुई, जबरदस्ती. कधी कधी रक्ताच्या थेंबाची भीती पुढे असते आणि तिच्यामागे न सांगता येणारी दुसरीच घटना असते. तिथे गरज तपासणीची किंवा आधाराची असते, आणि ते सोडून मंत्रचळाचे, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापोटी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं या विकाराचे, उपचार सुरू करणं हा अन्याय ठरतो. बाईंच्या बाबतीत तसं काही नव्हतं. मी दोन वेगवेगळ्या भेटींत विचारलं.

भ्रम म्हणावा अशी पक्की खात्रीही नव्हती. "मला एचआयव्ही झालाय," असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. त्या म्हणायच्या, "झाला नसणार, मला कळतं. पण नसणार म्हणजे नाहीच, असं थोडंच आहे?" आजाराच्या चिंतेचा विकार म्हणावा तर त्यांना स्वतःच्या मरणाची भीती फारशी नव्हती. दोन तास बोलल्यावर हे हळूहळू वर आलं. रात्री झोप उडवणारं चित्र वेगळं होतं: आपल्यामुळे मुलाला झालं आहे, तो मोठा होऊन विचारतो आहे की आई, तुला शंका होती तर तू नीट तपासलं का नाहीस?

लहानपणीही खुणा होत्या. चौदाव्या-पंधराव्या वर्षी झोपण्यापूर्वी दाराची कडी ठराविक वेळा बघायची, आपण वहीत कुणाला तरी वाईट लिहिलं नाही ना म्हणून पानं परत वाचायची. ते आपोआप मागे पडलं होतं. मुलाच्या जन्मानंतर काही महिने पुन्हा थोडं डोकं वर काढून गेलं होतं.

हा मंत्रचळ होता, ज्याला आता सगळे ओसीडी म्हणतात. त्याची तीव्रता मोजणाऱ्या येल-ब्राउन मापनपट्टीवर ४० पैकी २८ गुण आले. २४ ते ३१ म्हणजे तीव्र. सोबत उदासपणा होता. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. एसएसआरआय या उदासी आणि चिंतेवरच्या औषधांच्या गटातलं एक औषध त्या आधीपासून कमी मात्रेत घेत होत्या, ती मात्रा त्यांनी टप्प्याटप्प्याने वाढवली. मंत्रचळाला हे औषध उदासीच्या आजारापेक्षा बरेचदा जास्त मात्रेत लागतं आणि गुण दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. हे आधी सांगितलं नाही, तर लोक तिसऱ्या आठवड्यात गोळ्या बंद करतात.

माझी चूक

पहिल्या तीन भेटी मी माहिती देण्यात घालवल्या. माहिती खरी होती. एचआयव्ही शरीराबाहेर वाढू शकत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. रक्त सुकू लागलं की काही तासांत त्याची संसर्गाची ताकद ९० ते ९९ टक्के घटते. धड कातडीतून तो आत शिरत नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताने भरलेली सुई आरोग्यसेवकाच्या हातात खोल टोचली, तरी संसर्गाची शक्यता हजारात दोन-तीन असते, आणि हा हिशेब टोचल्यानंतर प्रतिबंधक औषध न घेता आहे. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालं तर ती आणखी कमी, दहा हजारांत नऊच्या आसपास. १९८६ साली, आजारावर औषधच नव्हतं त्या काळात, ३९ रुग्णांच्या घरातल्या १०१ माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांची भांडी एक, टॉवेल एक, पलंग एक. काहींनी तर दात घासायचा ब्रश आणि दाढीचं पातंही एकच वापरलेलं. संसर्ग आढळला तो एका लहान मुलात, आणि तो बहुधा जन्माच्या वेळी आईकडून झालेला.

बाई सगळं वहीत लिहून घ्यायच्या. भेट संपताना हसतमुख असायच्या. दोन तासांनी निरोप यायचा: "मॅडम, फक्त एकच. साल निघालेलं असेल तर ती धड कातडी धरायची का?" मी उत्तर द्यायचे. दिवसाला एक, मग दोन, मग चार. मला वाटायचं, घाबरलेल्या माणसाला उत्तर न देणं निर्दयपणाचं आहे.

पाचव्या आठवड्यात त्या वही उघडून म्हणाल्या, "मंगळवारी तुम्ही 'जवळजवळ शून्य' म्हणालात. आज 'शून्य' म्हणालात. नक्की कुठलं?"

त्या क्षणी मला दिसलं की त्यांच्या पतीच्या जागी आता मी बसले होते. मी सांगितलेलं प्रत्येक वाक्य आठवा अहवाल झालं होतं, त्याच फाइलीत लागलेला. आणि अहवाल आला की त्याची तारीख तपासायची, शब्द तपासायचे, फट शोधायची.

अज्ञानावर माहिती हेच औषध. ती एकदा, नीट, समजेल अशा शब्दांत द्यायलाच हवी. पण बाई अज्ञानी नव्हत्या. तिसऱ्या भेटीपर्यंत त्यांना विंडो पिरियड, म्हणजे संसर्ग असूनही तपासणीत दिसत नाही तो सुरुवातीचा काळ, माझ्याइतकाच माहीत होता. त्या विचारत होत्या वेगळंच: 'मी माझ्या मुलासाठी शंभर टक्के सुरक्षित आहे, हे मला लिहून मिळेल का?' असं लिहून देणारी तपासणी नाही. कुठल्याच आईला ते मिळालेलं नाही, फक्त बाकीच्यांनी ते मागितलेलं नसतं. मी मात्र खात्री मिळू शकते अशा थाटात पाच आठवडे उत्तरं देत राहिले.

मी हे त्यांना सांगितलं. माझ्याकडून चूक झाली, असं त्याच शब्दांत. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आता तुम्हीपण सांगणार नाही?"

उपचार

पद्धत नवी नाही. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये ती मांडली आणि पुढे तिच्यावर भरपूर अभ्यास झाला. भीती वाटते त्या गोष्टीला मुद्दाम सामोरं जायचं आणि भीती उतरवायला जे करतो ते करायचं नाही. धुवायचं नाही, विचारायचं नाही, तपासायचं नाही, मनातल्या मनात हिशेबही करायचा नाही. सांगायला सोपं, करायला फार अवघड, आणि सोबत बसणाऱ्यालाही अवघड. कारण समोरचा माणूस थरथरत असतो, आपल्याकडे त्याला शांत करणारं वाक्य असतं, आणि ते गिळावं लागतं.

यात एक मर्यादा मी कसोशीने पाळते. सामोरं जायचं म्हणजे साधा, सावध माणूस रोजच्या जगण्यात जे करतो तिथपर्यंतच. उघड्या हाताने दुसऱ्याच्या रक्ताला हात लावायला मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. शाळेत रक्त आलं तर हातमोजे घालायचे, प्रत्येक मुलासाठी, चेहरा न बघता. ही जगभरातली साधी काळजी आहे. हातमोजे काढल्यावर साबण-पाण्याने हात एकदा धुवायचे. पहिल्यांदा धुणं ही काळजी आणि दुसऱ्यांदा धुणं आजाराचं, ही रेघ आम्ही दोघींनी मिळून आखली. खरोखरच रक्ताने माखलेली सुई टोचली, तर ती जागा धुऊन लगेच डॉक्टरांकडे जायचं. प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यावं लागतं. हेही एकदाच लिहिलं, आणि ते पान वहीत चिकटवून पुन्हा न उघडायचं ठरलं.

सुरुवात कागदावरच्या एका वाक्याने केली: "मला एचआयव्ही झालेला असेल किंवा नसेल; मला हे पूर्ण खात्रीने कधीच कळणार नाही, आणि तरीही मी आज मुलाला जवळ घेणार आहे." पहिल्यांदा वाचताना त्या 'नसेल'वरच थांबल्या, पुढे जाईनात. त्यांनी ते स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं आणि रोज संध्याकाळी वीस मिनिटं ऐकलं. दहाव्या-अकराव्या दिवशी म्हणाल्या, "आज ऐकताना मध्येच उद्याच्या तासाचा विचार करत होते." मला आनंद झाला तो याचाच. भीती जाते तेव्हा बहुतेकदा अशीच जाते, कंटाळवाणी होऊन.

मग पायरीपायरीने. लाल शाईचा डाग बोटावर तासभर ठेवायचा. दवाखान्यातल्या प्रतीक्षाकक्षात बसायचं, खुर्चीच्या हातांवर हात ठेवायचे, घरी येऊन न धुता मुलाच्या केसांतून हात फिरवायचा. वजनकाटा माळ्यावर. सुरी पुन्हा हातात. एके दिवशी बोट खरंच कापलं, बारीकसं. त्यांनी पट्टी लावली, हातातलं काम पुरं केलं आणि नंतर न्हाणीघरात जाऊन रडल्या. मुलाला मात्र त्या रात्री त्यांनीच झोपवलं.

पर्समधली फाइल घरी ठेवून शाळेत जाणं ही पायरी मला मधली वाटली होती. ती सगळ्यात वरची निघाली. चार वेळा ठरवून त्या चारही वेळा अर्ध्या वाटेवरून परतल्या.

पतींना मी दोनदा बोलावलं. धीर देणं थांबवा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "मग मी करू काय?" हा प्रश्न रास्त होता. आम्ही तिघांनी मिळून एक वाक्य ठरवलं: "हा प्रश्न आजाराचा आहे, मी त्याला उत्तर देणार नाही. पण मी इथे बसतो." आणि खरोखर बसायचं. शेवटचे चार शब्द मला फार मोलाचे वाटतात. नुसतं उत्तर बंद केलं असतं, तर बाईंना ते टाकून दिल्यासारखं वाटलं असतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी दिवसाला पन्नासच्या वर वेळा विचारलं. असं होतं, हे दोघांना आधी सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात आकडा बाराच्या आसपास आला.

तो मुलगा

हे सांगायला वेळ लागला, बाईंनाही आणि आता मलाही.

सहाव्या भेटीत त्यांनी विचारलं, की त्या मुलाच्या आईवडिलांना त्याची तपासणी करायला सांगता येईल का? काहीतरी दुसरं कारण काढून. मी नाही म्हटलं. वैद्यकीय गरज शून्य होती, आणि कुणाच्याही आजाराची माहिती ही त्याची स्वतःची असते. आपली भीती भागवायला ती मागायचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय त्याचा अहवाल निगेटिव्ह आला असता तर त्याचा विंडो पिरियड मोजणं सुरू झालं असतं. बाई रागावल्या. पुढच्या भेटीला आल्या नाहीत.

त्यानंतर आल्या तेव्हा स्वतःहूनच बोलल्या. गेले आठ महिने त्या मुलाची वही त्या हातात घेत नव्हत्या. "तिथे ठेव" म्हणायच्या. तो वही घेऊन टेबलाजवळ आला की खुर्ची मागे सरकायची. मुलं सगळं टिपतात. तो आता लांबूनच वही ठेवून जायचा, न सांगता. "त्याने काय केलं होतं, मॅडम? पडला होता फक्त."

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांसोबत मी बरीच वर्षं काम केलं आहे. मागे सरकणाऱ्या खुर्च्यांबद्दल त्यांच्याकडून खूप ऐकलं आहे. बाईंच्या मनात कुणाबद्दल तिरस्कार नव्हता, याची मी ग्वाही देते. पण खुर्ची मागे सरकते तेव्हा समोरच्याला कारण दिसत नाही, फक्त अंतर दिसतं. बाईंना हे स्वतःहून उमगलं होतं, आणि त्या दिवशी त्या भीतीने नव्हे तर दुःखाने रडल्या. उपचारातला खरा जोर मला वाटतं तिथून आला. तोवर त्या स्वतःची सुटका व्हावी म्हणून सराव करत होत्या. आता त्यांना परत मिळवायला काहीतरी होतं.

त्या दिवशी आम्ही आजाराबद्दलही थोडं बोललो, पण वेगळ्या अंगाने. त्यांच्या मनातलं एड्सचं चित्र लहानपणी पाहिलेल्या कवटीच्या पोस्टरचं होतं. १९९६ च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आले आणि ते चित्र जुनं झालं, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आज वेळेवर औषध सुरू झालेला माणूस जवळजवळ इतरांइतकंच जगतो, आणि ज्याच्या रक्तात विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आहे त्याच्याकडून जोडीदाराला संसर्ग होत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या अभ्यासात अशा सुमारे ८०० जोडप्यांत जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग आढळला नाही. मी हे त्यांना धीर द्यायला सांगितलं नाही, आणि तसं बोलूनही दाखवलं. ज्या माणसांची त्यांना भीती वाटत होती ती माणसं कोण आहेत, हे त्यांना कळावं म्हणून सांगितलं.

पुढची पायरी त्यांनीच यादीत लिहिली: त्याची वही हातातून हातात घ्यायची, आणि त्याच्या बाकावर शेजारी बसून गणित तपासायचं. पहिल्या दिवशी तो बाकाच्या कडेला सरकला. आठवड्याभराने नेहमीसारखा बोलू लागला, दुसऱ्या कुणाची तरी चुगली सांगायला.

नंतर

सोळा भेटींनंतर मापनपट्टीवर गुण १३, म्हणजे सौम्य. हात धुणं साधारण इतरांसारखं. मुलगा पुन्हा गालाला गाल लावून झोपतो. पतीपत्नीतलं अंतर मिटायला अजून थोडा वेळ लागला आणि त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही.

मग एका सकाळी पहिल्या तासालाच एक मुलगी मूठ मिटून टेबलाशी आली. मूठ उघडली तर तळव्यावर दुधाचा दात, रक्ताने माखलेला, आणि तोंडभर हसू, हनुवटीवर लाल ओघळ. वर्ग आनंदाने ओरडत होता. बाईंनी कपाट उघडलं, हातमोजे घातले, हिरडीवर कापसाचा बोळा दाबायला दिला, दात कागदात गुंडाळून पोरीच्या दप्तरात ठेवला. हातमोजे काढले, एकदा हात धुतले.

दुसऱ्या दिवशी हातमोज्याला भोक होतं का, हा विचार आला. तो चार दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कचऱ्यात टाकलेले हातमोजे सापडतील का म्हणून शिपाईकाकांना विचारलंही, आणि मग अर्ध्यातच "राहू द्या" म्हणाल्या. त्यांनी मला फोन केला. "मी काही विचारत नाहीये," त्या म्हणाल्या, "पण हातमोज्यांना कधी कधी..." मी काही बोलले नाही. पलीकडे पाचसहा सेकंद शांतता होती, मागे मुलांचा गलका. "बरं," त्या म्हणाल्या, "घंटा झाली," आणि फोन ठेवला. तपासणी त्यांनी केली नाही.

नऊ महिन्यांनंतरच्या भेटीत गुण ११ होते. मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने औषध चालूच आहे. ताण वाढला की, झोप कमी झाली की, मुलगा आजारी पडला की शंका पुन्हा येते. दोनदा त्यांनी पतीला ठरलेला प्रश्न विचारला, आणि दोन्ही वेळा ते शेजारी येऊन बसले.

त्या भेटीत उठता उठता त्यांनी विचारलं, ती सात अहवालांची फाइल फाडून टाकू का? मी उलट विचारलं, फाडली तर काय होईल? त्या विचार करत राहिल्या. फाडताना बरं वाटेल, म्हणाल्या, आणि मग आठव्या दिवशी तारीख आठवेनाशी झाली की पुन्हा तपासणी करावीशी वाटेल. ठेवली तर उघडून बघावीशी वाटेल. दोन्हीकडे अडचण होती.

पुढच्या वेळी फोनवर त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं, की फाइल खणात आहे, मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाखाली. परवा कार्ड हवं होतं म्हणून खण उघडला होता. कार्ड काढलं आणि खण लावला.